एवढी कसली घाई होती?



मागच्या महिन्यात माझा लेख आला नाही म्हणून दोघी-तिघींनी मंदिरात विचारलं. मी गावातच नव्हते. मोटारसायकलींच्या मेळाव्याला गेले होते. हसा खुशाल, माझी धाकटी नणंदही हसली.

गोव्यात वागातोरच्या टेकडीवर दर नोव्हेंबरात बुलेटवाल्यांचा मोठा मेळावा भरतो. पूर्वी त्याला रायडर मेनिया म्हणत, २०२३ पासून मोटोव्हर्स म्हणतात. आम्ही गेलो तो २२ ते २४ नोव्हेंबर २०२४ ला होता. चिरंजीव आणि सूनबाई पुण्याला असतात, दोघांच्या दोन बुलेट. माझा भाचाही त्यातलाच. या तिघांनी ठरवलं की हायवेने न जाता किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं. ते ऐकून आमच्या ह्यांना चेव आला. ह्यांची १९८६ ची बुलेट आहे. लग्नानंतर तिच्यावर बसून आम्ही नव्या पेठेतून सिद्धेश्वर तलावापर्यंत जायचो, तेवढाच माझा तिचा संबंध. बाकी आयुष्य ती अंगणात तेल गाळत उभी आहे. सदुसष्टाव्या वर्षी हे म्हणाले, "मीही येणार आणि हिच्यावरच येणार."

मग मी कशी मागे राहणार? मी आणि अकरा वर्षांची नात मागून गाडीत, ड्रायव्हरबरोबर. गाडीत माझं स्वयंपाकघर: शेगडी, कुकर, पाणी गाळायचं छन्नं, लसणाशिवायची शेंगाचटणी आणि घरी दळलेलं पीठ. कार्तिकी पौर्णिमा १५ तारखेला झाली होती, अष्टाह्निका पार पडली होती आणि पिठाची मर्यादा हिवाळ्याची, सात दिवसांची सुरू झाली होती. १६ ला दळलं, १७ ला रविवारी निघालो. बी.कॉम.ची पदवी कुठे वापरली नाही असं हे नेहमी म्हणतात. पण पिठाचा, गाळलेल्या पाण्याचा आणि पेट्रोलचा हिशेब एकाच वहीत माझ्याशिवाय कोणी ठेवून दाखवावा.

निघताना देशव्रत घेतलं. पश्चिमेला समुद्राचा काठ, त्यापुढे जायचं नाही. मग कळलं की वाटेत मोटारसायकली आणि गाडी बोटीवर चढवून खाड्या ओलांडायच्या आहेत! बोट खाडीतच राहते, बाहेर समुद्रात जात नाही, याची मी भाच्याकडून तीनदा खात्री करून घेतली.

हा रेवस ते रेड्डी सागरी मार्ग. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची ही कल्पना. पण काही मोठ्या खाड्यांवर तेव्हा पूल नव्हते, म्हणून जंगलजेटी. बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. दाभोळची फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी गुहागरला जायचं तर चिपळूणवरून मोठा वळसा पडायचा. ताम्हिणी उतरून दिवेआगरला पहिला मुक्काम, दुसरा हर्णैच्या बाजूला. बोटीवर हे बुलेटला टेकून उभे राहिले आणि नातीला म्हणाले, "सोलापूरला समुद्र नाही, पण या देशाच्या बोटी सोलापूरच्या माणसाने समुद्रात घातल्या." वालचंदशेठ आपल्या गावचे, आपल्यातले. १९१९ साली त्यांच्या सिंधिया कंपनीची लॉयल्टी बोट मुंबईहून लंडनला निघाली, तो ५ एप्रिल हा दिवस अजून सागरी दिन म्हणून पाळतात. नातीला हे शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. मलाही कॉमर्स कॉलेजात गेल्यावरच कळलं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

तिसरा दिवस, गुहागरहून पुढे. मुक्काम गणपतीपुळ्याला. माझा रात्रिभोजनत्याग छब्बीस वर्षांचा आहे, चारही आहारांचा. सूर्यास्ताआधी दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, जेवण उरकायचं. कोकणात त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणजे पाच-सव्वापाचला माझं ताट वाढलेलं हवं. सकाळी केलेल्या पोळ्या आणि मुगाची सुकी भाजी डब्यात होती. हे लक्षात ठेवा मैत्रिणींनो, डब्यात होती. चार वाजता एखाद्या झाडाखाली बसून मी खाऊ शकले असते. पण दोन दिवस सुकं खाऊन कंटाळले होते. मला गरम वरणभात हवा होता. हेदवीच्या जरा पुढे चहाला थांबले होते सगळे, तिथे मी दोनदा घड्याळ दाखवलं. "आज बहुतेक माझं पाण्यावरच निभणार," असंही म्हणाले. सासवांना हे असं बोलता येतं.

सूनबाई उठली. म्हणाली, "आई, मी पुढे होते. आधीची फेरी मिळाली तर तुम्ही येईपर्यंत कुकर लावते." छोटी शेगडी आणि कुकर तिच्या मागच्या पेटीत बांधून दिले मीच.

ती कोल्हापूरकडची, आपल्या समाजातली नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली. मी तिला वाईट कधी वागवलं नाही, पण माझ्या सोवळ्याच्या ओट्याला तिने हात लावला की माझा चेहरा बदलतो, हे तिला कळतं. बोलत नाही. तर अशी ही मुलगी माझा कुकर घेऊन पुढे गेली.

तवसाळच्या अलीकडे एका वळणावर तिची बुलेट आडवी दिसली. ती रस्त्याच्या कडेला लाल मातीत बसली होती. कोपरातून रक्त. मांडीवर कुत्र्याचं पिल्लू, पाच-सहा महिन्यांचं, तांबूस. ते आडवं आलं, हिने ब्रेक दाबला, खडीवरून गाडी घसरली. पिल्लू चाकाखाली आलंच.

चिरंजीव तिचा हात बघायला धावला. तिने तो झटकला. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुम्ही ती जीवंधरची गोष्ट सांगितली होती ना छोटीला? कुत्र्याच्या कानात म्हणतात ती. म्हणा ना. मला काही आठवेना."

मी नातीला झोपवताना ती गोष्ट कितीतरी वेळा सांगितली आहे. मार खाऊन मरणाऱ्या कुत्र्याला जीवंधरकुमार णमोकार ऐकवतो आणि ते यक्ष होऊन जन्मतं. ही तेव्हा शेजारच्या खोलीत लॅपटॉपवर काम करत असायची. ऐकते आहे असं कधी वाटलं नव्हतं.

मी मातीत बसले. पिल्लाला हात लावला. कानाशी वाकून णमोकार म्हणायला लागले. पहिली ओळ सरळ आली नाही, आवाज फुटेना. मग जमलं. नऊ वेळा म्हटला की जास्त, ते मोजलं नाही. त्याचा श्वास मधेच थांबला.

वरच्या घरातून एक बाई उतरून आली. माझ्याच वयाची, नऊवारी खोचलेली, हातात कोयती. तिचंच पिल्लू. मला वाटलं आता ही शिव्या देणार. तिने सूनबाईचा कोपर पाहिला, घरातून हळद आणून त्यावर दाबली. मग माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "एवढी कसली घाई होती?"

सगळे गप्प. भाचा म्हणाला, "फेरी गाठायची होती." खरं उत्तर त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. बारीक जीव मरू नयेत म्हणून मी सूर्य बुडायच्या आत जेवते, आणि त्या जेवणापायी एक पंचेंद्रिय जीव गेला. मुनिमहाराज चार हात जमीन बघून पाऊल टाकतात. मी सुनेला घड्याळ दाखवून गाडीवर पिटाळलं होतं. हे मी त्या बाईला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

ह्यांनी पैसे पुढे केले, तिने घेतले नाहीत. काजूच्या झाडाखाली चिरंजीवाने आणि भाच्याने तिच्याच कुदळीने खड्डा केला. मिठाचा खडा तिने स्वतः आणून टाकला.

फेरी चुकली, पुढची मिळेपर्यंत शास्त्री नदीच्या मुखाशी सूर्य बुडाला. लाल, मोठा, सगळी माणसं फोटो काढत होती. माझा तो उपवास झाला. सूनबाईही जेवली नाही. "मी व्रताने नाही," ती म्हणाली, "जाईनाच." रात्री तिच्या कोपराला मलम लावताना मी तिला म्हटलं की चूक माझी होती, डबा होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गाडी मी चालवत होते आई." तिने माझी चूक माझ्याकडून काढून घेतली नाही आणि स्वतःचीही सोडली नाही. मला ते पटलं. खोटी समजूत घातली असती तर मला राग आला असता.

पुढचे दिवस आम्ही चाळिसाच्या वर गेलो नाही. देवगड, मालवण, वेंगुर्ला, तेरेखोल. चार वाजले की जिथे असू तिथे थांबायचं, सतरंजी पसरायची, सगळ्यांनी डब्यातलं खायचं. भाच्याला संध्याकाळी वडापाव लागतो, त्याने तो निमूट नंतर खाल्ला.

वागातोरच्या मेळाव्याबद्दल फार लिहीत नाही. कानात कापूस घालून दोन तास फिरले. धूळ, गाणी, हजारो बुलेट. ह्यांच्या १९८६ च्या गाडीभोवती पोरं गोळा झाली, फोटो काढले, तेवढ्याने ह्यांचा प्रवास वसूल झाला. गाडी चालवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, दोघी तर केस पिकलेल्या.

शेवटच्या दिवशी फोंड्याजवळ बांदिवड्याला नेमिनाथांच्या पडक्या बस्तीत गेलो. जांभ्या दगडाच्या भिंती, मूर्ती नाही. नातीने विचारलं, "हेच का, लग्नाला जाताना जनावरांचं ओरडणं ऐकून रथ वळवला ते?" मी हो म्हटलं. सूनबाई बाहेर गाडीशी उभी होती, ती आत आली आणि बाकीची गोष्ट तिनेच सांगितली, गिरनारपर्यंत. एक-दोन ठिकाणी चुकली. मी मधे बोलले नाही.

सोलापूरला आल्यावर माताजींकडे जाऊन सगळं सांगितलं, दोघींनी. त्यांनी मला प्रायश्चित्त दिलं, ते मी इथे लिहीत नाही. सुनेला त्यांनी आधी विचारलं, "कोपर बरा आहे का?"

परतताना चोर्ला घाटाने बेळगाव आणि तिथून विजापूरवरून आलो. दुपारी चारला विजापूरच्या अलीकडे थांबलो तेव्हा पीठ संपलं होतं. चुरमुरे आणि शेंगाचटणी उरली होती, ती सूनबाईने कालवली, माझ्याच पातेल्यात.