मलिद्याचं ताट

आमच्याकडे आनंदाची बातमी आली की पहिला प्रश्न एकच असतो : मलिदा कधी? मूल झालं, नोकरी लागली, दुखण्यातून माणूस उठलं, साखरपुडा ठरला. एलियाहू हन्नाबी या आमच्या संदेष्ट्याला बोललेला नवस फेडायचा तर पोहे भिजायलाच हवेत. त्यात ओलं खोबरं, गूळ, वेलची, बदाम-पिस्ते. ताटात त्याची रास घालायची आणि भोवती फळं मांडायची. खजूर झाडाचा, म्हणून त्याची ब्राखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, वेगळी. केळं जमिनीचं, त्याची वेगळी. पोह्यांची आणखी वेगळी. सुगंधाचीसुद्धा एक असते. लहानपणी त्या प्रार्थना फार लांबल्यासारख्या वाटत, कारण डोळे खोबऱ्यावर असत. पण समोरची वस्तू कुठून आली ते म्हणून मगच ती तोंडात घालायची, ही सवय मला त्या ताटाने लावली आणि ती जन्माला पुरली आहे.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची कथा. ती माणसं तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. पेण, रोहा, किहीम, दिवे या गावांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर झाले. हाती पोथी उरली नव्हती, रब्बी नव्हते. राहिला तो शनिवार, आठव्या दिवशीची सुंता, खवले नसलेली मासळी न खाण्याचा नेम आणि ओठांवरची शेमा ही प्रार्थना. हे सांभाळलं कुणी? चुलींनी, असं माझं ठाम मत आहे. देवळं फार नंतर आली. मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग 1796 सालचं. तोवर धर्म घराघरातच राहत होता.

1874 साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादातली, म्हणजे वल्हांडण सणाच्या पोथीतली, चित्रं पाहताना मला म्हणूनच भरून येतं. वल्हांडणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या त्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसल्या आहेत. मिसरातून सुटकेची कथा, आणि ती सांगणाऱ्या पुस्तकात आमच्या पणज्यांसारख्या बायका!

रोश हाशाना, म्हणजे आमचं नववर्ष, आलं की घरात गव्हाच्या चिकाचा हलवा होतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचं. रात्रभर चीक खाली बसला की वरचं पाणी हलकेच ओतून टाकायचं. मग नारळाचं दूध, साखर आणि मोठं पातेलं. मटणाच्या जेवणानंतर दुधातुपाचं चालत नाही, म्हणून सगळी भिस्त नारळावर. हलवा घट्ट होऊ लागला की उलथनं जड होतं, मनगट भरून येतं, हात थांबला तर तळाशी लागतो. माझी आजी हाडाची सुगरण, पण तीही तो कधी एकटीने करत नसे. आत्या ढवळायची, मग काकू, मग शेजारच्या वहिनी, ज्यांच्या घरी गणपती बसायचा. कडेने नारळाचं तेल सुटलं की सगळ्याजणी एकदम बोलायच्या. हलवा ताटात थापून वर पिस्ते पेरेपर्यंत वर्षभराचे रुसवे निघालेले असत.

माझं माहेर अलिबागचं, इस्रायल आळीतलं. तिथलं मागेन आबोथ सिनेगॉग 1848 सालचं, आताची वास्तू 1910 ची. 1948 नंतर आमची माणसं हळूहळू इस्राएलला गेली. अश्दोद, दिमोना, बीरशेबा ही गावं आता आम्हाला पेण-रोह्याइतकी ओळखीची. भारतात आम्ही काही हजारच उरलो. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले की दहाव्याची वाट पाहायची, फोन करायचे. बायकांना या दहांत धरत नाहीत, आणि ते मला पटत नाही. मी घरात ते बोलते, वादही होतो. तरी माझा भाचा तेरा वर्षांचा झाला, त्याने पहिल्यांदा तोरा हा आमचा धर्मग्रंथ वाचला, आणि पुढच्याच शनिवारी तो दहावा म्हणून उभा राहिला, तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही. लाजराबुजरा मुलगा. आपल्यावाचून मोठ्यांचं अडलंय हे कळल्यावर तो ताठ उभा राहिला. वाढ म्हणतात ती मी अशी समोर घडताना पाहिली. मोठ्या समाजात माणूस गर्दीत निभावून जातो. आमच्यात कुणाला दडून बसता येत नाही. कुणी आजारी पडलं तर डबा पोचवणारी चार घरं ठरलेली, आणि तुमची पाळी आली की तो डबा तुम्हीच करायचा. मला यात कधी ओझं वाटलं नाही. उलट, आपण कुणाला तरी हवे आहोत, हे मला या समाजाने रोज सांगितलं.

यंदा रोश हाशानाचा हलवा आपण करणार असं मुलीने जाहीर केलं आहे. गहू कधी टाकायचे ते तिने दिवस मोजून लिहून ठेवलंय, अश्दोदच्या मावशीला फोन करून साखरेचं माप विचारलंय, आणि ढवळायला दोन मैत्रिणींना आताच सांगून ठेवलंय.