पाणी मोजायची काठी

लातूरच्या माणसासाठी नदी ही टक्केवारी असते. मांजरा धरणात किती टक्के पाणी आहे, हा प्रश्न आमच्याकडे पानटपरीवर विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, पुण्याहून फोन केला तर तब्येतीच्या आधी विचारतात. त्यामुळे मी आईला घेऊन नाईलवर क्रूझने फिरायला जायचं ठरवलं तेव्हा मला देवळांचं कुतूहल होतं आणि तिला एकच: "एवढ्या बोटीला पाणी कुठून भरतात गं?"

बाबा दुकान सोडून येणार नव्हते. आम्ही दोघीच होतो. लक्सर ते असवान, चार रात्री. डेकवर स्विमिंग पूल होता. आईने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि खुर्ची पाठमोरी करून बसली. खोलीतला शॉवर मी जरा जास्त वेळ चालू ठेवला की दारावर टकटक व्हायची.

एडफूला होरसचं देऊळ आहे. इसवी सन पूर्व 237 मध्ये काम सुरू झालं, पूर्ण व्हायला 180 वर्षं लागली. आई दारात चपला काढायला जागा शोधत होती. कुणीच काढत नाही म्हटल्यावर तिला कसंतरीच झालं. "इथं दिवा कोण लावतं?" कुणीच नाही. पूजा थांबली, देऊळ वाळूत बुडालं, लोकांनी छतावर घरं बांधली. 1860 च्या दशकात ओग्युस्त मारिएत या फ्रेंच संशोधकाने ते उकरून काढलं. मला हे अद्भुत वाटलं, आईला नाही. तिचं माहेर निलंग्याचं. नीलकंठेश्वराच्या काळ्या दगडी देवळात ती लहानपणापासून जातेय आणि तिथे आजही बेल वाहिला जातो. देगलूरजवळ होट्टलला चालुक्यांच्या काळातली देवळं पडली होती, ती पुरातत्त्व खात्याने दगडाला दगड जुळवून पुन्हा उभी केली. देवळं पडतात, गाडली जातात, परत उभी राहतात, यात तिला नवल नव्हतं.

ती थांबली ती कोम ओम्बोला. तिथलं देऊळ दोन देवांचं आहे, अर्धं मगरतोंड्या सोबेकचं आणि अर्धं होरसचं. सगळे मगरींच्या ममी बघायला पळाले. आई अंगणातल्या एका गोल दगडी विहिरीत वाकून बघत होती. आतून पायऱ्या उतरत गेल्या होत्या. गाईड म्हणाला, हे नायलोमीटर. नाईलचं पाणी चढलं की विहिरीतही चढायचं. कुठल्या खुणेपर्यंत आलं ते पुजारी बघायचे आणि त्यावरून त्या वर्षीचा शेतसारा ठरायचा. रोमन लेखक प्लिनीने तर हिशेबच लिहून ठेवलाय: 12 हात पाणी म्हणजे उपासमार, 16 हात म्हणजे आनंद.

मी भाषांतर करून सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे आपली काठीच की."

आमच्या घरात जमिनीखाली हौद आहे. त्याच्या झाकणाशेजारी एक बांबूची काठी असते, तिच्यावर आईने विळीने खाचा पाडलेल्या आहेत. काठी बुडवायची, ओल कुठल्या खाचेपर्यंत आली ते बघायचं आणि मग ठरवायचं: आज कपडे की आज फक्त भांडी.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी होतं. त्याआधी मार्चमध्ये शहरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. मी तेव्हा नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंग करत होते. आईचा फोन आला: "सुट्टी लागली तरी येऊ नको. एक माणूस वाढलं की दोन घागरी वाढतात." भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. होस्टेल रिकामं झालं. मी संध्याकाळी काळेश्वराच्या देवळापाशी जाऊन बसायचे आणि गोदावरीकडे बघत विचार करायचे, की मी दोन घागरींएवढीच का?

नऊ वर्षं हे मी तिला विचारलं नव्हतं. त्या विहिरीच्या कठड्याला टेकून विचारलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खालून तिसरी खाच तुझी होती. तिथवर पाणी आलं की तुला बोलवायचं, असं ठरवलं होतं. रोज बघत होते."

माझं रोजचं काम डॅशबोर्ड बनवायचं. कुठला आकडा लाल झाला की कुणाला अलर्ट जायचा, हे मी ठरवते. त्या आकड्यामागे बसलेलं माणूस मला दिसत नाही. पुजाऱ्याला विहिरीत फक्त सारा दिसत असेल का, की एखाद्याचं घरी येणंही?

शेवटच्या दिवशी फिलेचं देऊळ पाहिलं, इसिसचं. असवानच्या धरणांमुळे ते पाण्यात जात होतं. 1972 ते 1980 या काळात ते सुटं करून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा रचलं. मी भारावून फोटो काढत होते. आईने विचारलं, "आणि माणसं?" गाईडने सांगितलं, न्युबियन लोकांची गावं बुडाली, 1963-64 मध्ये त्यांना कोम ओम्बोच्या बाजूला नेऊन वसवलं. आई म्हणाली, "देऊळ नदीतच ठेवलं. माणसांना मात्र नदीपासून उठवलं." मोठं धरण झाल्यावर पूरच थांबला, त्यामुळे ती मोजायची विहीरही बिनकामाची झाली.

मी तिला पुण्याला ये म्हणते. माझ्या सोसायटीतही उन्हाळ्यात टँकर येतात, हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती फक्त हसते. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात इतका पाऊस पडला की मांजराचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची पिकं वाहून गेली. प्लिनीच्या 16 हातांच्या वरचं ते पाणी. मी फोनवर म्हटलं, आता टाकून दे ती काठी.

"राहू दे," ती म्हणाली. "दिवाळीला कधी येतेस?"