आठवड्याचा पहिला दिवस

पहिला दिवस उजाडतो तेव्हा नकाशावर जवळजवळ सगळा काळोखच असतो. मधोमध एक छोटं गाव, वेशीबाहेर घोड्यावर बसलेला एक वीर आणि त्याच्या पाठीशी मूठभर भालेकरी नि तिरंदाज. एवढंच आपलं. घोडा चार पावलं पुढे गेला की काळोखाची कड मागे सरते आणि एकेक गोष्ट उजेडात येऊ लागते. सॉ मिल, खनिजाची खाण, झाडाखाली ठेवलेली पेटी, टेकडीवरची पवनचक्की, खिंडीत वाट अडवून उभी असलेली एखादी टोळी. मग घोडा थकतो. आजचं चालणं संपलेलं असतं. वाळूचं घड्याळ दाबायचं की दुसरा दिवस उगवतो.

‘हिरोज ऑफ माईट अँड मॅजिक’ या मालिकेतला पहिला गेम १९९५ साली आला. म्हणजे २०२५ मध्ये तिला तीस वर्षं झाली. कॉम्प्युटरच्या जगात तीस वर्षं म्हणजे काही युगंच. त्या काळातल्या फ्लॉपी गेल्या, सीडी गेल्या, हा गेम बनवणारी कंपनी गेली, तिला विकत घेणारी कंपनीही गेली. हा काळोखा नकाशा मात्र अजून रोज रात्री कुठे ना कुठे उजळतो आहे. त्याचं कारण त्याच्या राक्षसांत किंवा जादूत आहे असं मला वाटत नाही. ते त्याच्या दिवसांत आहे.

जॉन व्हॅन केनेगम हा त्याचा कर्ता. त्याने १९८६ साली ‘माईट अँड मॅजिक’ हा पहिला गेम बहुतांशी एकट्याने, ॲपल टू या मशीनवर लिहिला आणि न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंग या आपल्या छोट्या कंपनीतर्फे बाजारात आणला. त्यानंतर १९९० मध्ये त्याचा ‘किंग्ज बाऊंटी’ आला. घोड्यावरचा वीर, मागे सैन्य, जमिनीत कुठेतरी पुरलेला राजदंड आणि तो शोधायला मोजून दिलेले दिवस. त्या गेममध्ये खेळाडू एकटाच होता. हिरोजमध्ये त्याच जमिनीवर समोर दुसरा खेळाडू आला, आणि पुरलेला ठेवा शोधण्याची गंमत तशीच राहिली. नकाशावर विखुरलेल्या दगडी स्तंभांना एकेक करून भेट द्यावी तसे कोड्याचे तुकडे उघडत जातात. सगळं चित्र लागण्याआधीच जागा ओळखून खणायला जाणारे धाडसी लोक मी पाहिले आहेत. अख्खा दिवस खणण्यात जातो आणि हाती माती लागते, हेही पाहिलं आहे.

पण मला बोलायचं आहे ते दिवसांविषयी. हिरोजमध्ये आठवडा सात दिवसांचा, महिना चार आठवड्यांचा. सोनं रोज येतं, लाकूड आणि खनिज आपापल्या खाणीतून रोज येतं, गावात दिवसाला एकच इमारत बांधता येते. सैन्य मात्र रोज मिळत नाही. ते आठवड्याच्या पहिल्या दिवशी तयार होतं. आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखंच हे. वार चुकला की चुकला. चौदा भालेकरी, नऊ तिरंदाज, सात ग्रिफिन, आणि सगळं सोनं-नाणं वेचून, पारा, गंधक, स्फटिक, रत्नं जमवून स्वर्गद्वार बांधलंच असेल तर एक देवदूत. आठवड्याला फक्त एक. गावाभोवती पूर्ण तटबंदी उभी केली तर दोन. त्या एका देवदूतासाठी तीन हजार सोन्याची नाणी आणि एक रत्न मोजावं लागतं, आणि ते द्वार बांधण्याचा खर्च त्याहून कितीतरी अधिक, २०,००० नाण्यांचा. म्हणून सहाव्या-सातव्या दिवशी हा गेम खेळणाऱ्याच्या मनात जी घालमेल होते ती लढाईतल्या घालमेलीपेक्षा मोठी असते. उद्या बाजार आहे. इमारत आजच उभी राहिली पाहिजे. दोन गंधक कमी पडताहेत. गंधकाची खाण दिसतेय, पण तिथे पोचायला दीड दिवस लागेल.

ही घालमेल किती सुंदर घडवलेली आहे हे लहानपणी कळत नव्हतं. आज कळतं. इतर गेममध्ये हात वेगाने चालवावे लागतात. इथे कुणीही घाई करत नाही, तरीही वेळ सतत हातातून निसटत असल्याची जाणीव होते. घोड्याला आज इतकीच पावलं आहेत. रस्त्याने गेलं तर थोडी जास्त, दलदलीतून गेलं तर निम्मी. पाणचक्कीपाशी जाऊन आठवड्याचे पैसे घ्यायचे की थेट खिंडीकडे निघायचं? एकेका पावलाचा हिशेब करताना माणूस स्वतःच्या दिवसाकडेही तसंच पाहायला लागतो.

कधी कधी आठवड्याच्या आरंभी ज्योतिषी एखाद्या प्राण्याचा आठवडा जाहीर करतात आणि त्याची पैदास वाढते. कधी महिना उजाडतो तोच साथ घेऊन. सगळ्यांचीच संख्या निम्मी होते. वर्षभर केलेली तयारी त्या एका निरोपाने ढासळताना मी पाहिली आहे, आणि तरीही तो निरोप काढून टाकावा असं मला कधी वाटलं नाही. ज्या जगात पाऊसपाणी नाही, पीक बुडत नाही, त्या जगातल्या दिवसांना वजन येत नाही.

काळाइतकीच मला या गेमची अनिश्चितता आवडते. खिंडीतल्या टोळीविषयी विचारलं तर गेम आकडा सांगत नाही, अंदाज सांगतो. १० ते १९ जण असतील तर एक शब्द, २० ते ४९ असतील तर दुसरा, ५० ते ९९ ला तिसरा. वीस तिरंदाज आणि एकोणपन्नास तिरंदाज यांत जगण्या-मरण्याचा फरक असतो, पण शब्द एकच. टेहळणीला गेलेला माणूस धावत परत येऊन जसं सांगेल तसंच हे सांगणं आहे. कधी ती टोळी आपलं सैन्य पाहून पळू लागते, कधी न लढता आपल्यालाच येऊन मिळते, आणि अशा वेळी जो आनंद होतो तो जिंकण्याचा नसतो, सोबत मिळाल्याचा असतो.

आणि ती पेटी. झाडाखाली, वाटेच्या कडेला, कुणी न राखलेली. ती उघडली की गेम विचारतो: यातलं सोनं ठेवून घ्यायचं, की गोरगरिबांत वाटून टाकायचं? ठेवलं तर खजिना वाढतो. वाटलं तर आपल्या वीराला अनुभव मिळतो, तो शहाणा होतो. पहिल्या आठवड्यात सोन्याची नड भयंकर असते, आणि नेमकं त्याच आठवड्यात मिळालेलं शहाणपण शेवटपर्यंत पुरतं. तीस वर्षांत लाखो लोकांनी या पेटीपुढे थांबून विचार केला असेल. मला हा प्रश्न कुठल्याही लढाईपेक्षा मोठा वाटतो. एका ओळीच्या प्रश्नात एवढं मावलेलं क्वचित पाहायला मिळतं.

सांगलीला मावशीच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा गेम म्हणजे बंदुका आणि गाड्या असं आम्हा मुलांचं मत होतं. मावसभावाने कुणाकडून तरी हिरोजचा तिसरा भाग आणला. तो १९९९ चा. एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने अनेकांनी खेळायची सोय त्यात होती, हॉट सीट म्हणायचे त्याला. एकाची पाळी चालू असताना बाकीच्यांनी पडद्याकडे पाहायचं नाही, हा एकमेव नियम, आणि तो पाळला जाईल याची हमी फक्त एकमेकांच्या शब्दाची.

“दादा, झालं का रे तुझं?”

“थांब गं, अजून एक हिरो हलवायचाय. तू तोंड कर तिकडे.”

मी तिकडे तोंड करायची. खिडकीतून परसातली जास्वंद दिसायची, मावशी आतून विचारायची की चहा टाकू का, आणि मागे माऊसची टिकटिक चालू असायची. त्या टिकटिकीवरून दादा काय करतोय याचा अंदाज बांधायचा. एकदम शांत झाला म्हणजे गावात शिरून पैसे मोजतोय. भराभर टिचक्या म्हणजे लढाई. वाट पाहण्यातही खेळणं चालूच असायचं, किंबहुना खरं खेळणं तेव्हाच व्हायचं, कारण आपल्या पाळीत काय करायचं हे सगळं पाठमोऱ्या उभ्याने ठरवलेलं असायचं. पाळी आली की हात फक्त ते पुरं करायचे. आज सगळे एकाच वेळी, आपापल्या पडद्यावर खेळतात. त्यात थरार आहे, मी नाकारत नाही. पण दुसऱ्याचा दिवस संपेपर्यंत त्याला त्याचा दिवस देणं, हे मला त्या खोलीत या गेमनेच शिकवलं.

संगीताविषयी थोडंसं लिहायलाच हवं. पॉल रोमेरो आणि रॉब किंग या दोघांनी प्रत्येक गावाला स्वतःचा सूर दिला. दुसऱ्या भागात तर गावात पाऊल टाकलं की ऑपेराचे गाते आवाज कानावर यायचे. १९९६ साली एका गेममध्ये असं काही करावं हे सुचणंच धाडसाचं होतं. तिसऱ्या भागात आवाज मागे सरले आणि वाद्यं पुढे आली. रॅम्पार्ट या गावाच्या रानातली ती मोकळी, उजळ सुरावट आणि नेक्रोपोलिस या गावातली दबलेली, थंड हवा. पोलंडमध्ये हिरोज ऑर्केस्ट्रा नावाचा वाद्यवृंद हे संगीत रंगमंचावर वाजवतो, आणि ते ऐकायला सभागृह भरतं. त्यातल्या कित्येकांच्या मनात ती सुरावट म्हणजे बालपणातला एक ठरावीक वार असणार.

पोलंड, रशिया, युक्रेन या भागांत हा गेम घराघरांत जितका मुरला तितका तो जिथे जन्मला त्या अमेरिकेतही मुरला नाही. पाचवा भाग रशियातल्या निव्हाल या कंपनीने केला, सहावा हंगेरीत झाला, आणि तिसऱ्या भागावरून टेबलावर खेळायचा मोठा खेळ पोलंडच्या आर्कॉन स्टुडिओने काढला. गेमला जणू दुसरं माहेर मिळालं.

जन्मघर मात्र उरलं नाही. न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंग १९९६ मध्ये थ्रीडीओ या कंपनीने घेतली. चौथा भाग २००२ साली बाहेर पडला तोवर तिथले बरेच लोक कामावरून गेलेले होते, आणि २००३ मध्ये थ्रीडीओनेच दिवाळं काढलं. फ्रान्सच्या युबीसॉफ्टने या नावाचे हक्क १३ लाख डॉलरना घेतले. एवढ्या मोठ्या जगाची ती किंमत वाचून मला अजूनही चुटपुट लागते. पुढे २०१५ मध्ये तिसऱ्या भागाची नवी, स्वच्छ चित्रांची आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यात मूळ गेमच होता. नंतरची दोन्ही विस्तार-प्रकरणं तिच्यात नव्हती, कारण त्यांचा मूळ कोड वापरता येईल असा कुणाच्या हाती उरलेला नव्हता. ज्या कोडवर लाखो रात्री जागल्या, तो जपून ठेवणं कुणाच्या कामाच्या यादीत नव्हतं. ही गोष्ट मला एखादा जुना ग्रंथ वाळवीने खाल्ल्यासारखी लागते, आणि गेमला आपण अजून जपायची वस्तू मानत नाही याचा राग येतो.

जपलं ते खेळणाऱ्यांनी. काहींनी २००७ पासून गेमचं अख्खं इंजिन नव्याने, सर्वांना खुलं असं लिहायला घेतलं. तेच व्हीसीएमआय. काहींनी ‘हॉर्न ऑफ द अबिस’ हा विस्तार रचला. २०११ मध्ये त्यात समुद्री चाच्यांचं नवं गाव आलं, आणि तेव्हापासून त्याची डागडुजी थांबलेली नाही. कुणी पगार देत नाही, कुणी वेळेचं बंधन घालत नाही. १९९९ च्या चित्रकारांनी जशी सावली टाकली असती तशीच टाकायची, त्यांनी वापरले तेवढेच रंग वापरायचे, हे बंधन त्यांनी आपणहून घेतलं आहे. नव्या गावाची इमारत जुन्या गावाशेजारी ठेवली तर हात वेगळा आहे हे कळत नाही. २०२४ मध्ये ‘ओल्डन एरा’ या अधिकृत नव्या भागाची घोषणा झाली, आणि त्याच्या संगीतासाठी रोमेरो परत आला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तीस वर्षांच्या मानकऱ्यांत मी पहिलं पान या बिनपगारी लोकांना वाढेन.

त्यांच्याविषयीची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९९ मध्ये ‘आर्मागेडन्स ब्लेड’ या पहिल्या विस्तारासाठी कंपनीने फोर्ज नावाचं एक गाव योजलं होतं. यंत्रांचं, विज्ञानकथेतल्या शस्त्रांचं. माईट अँड मॅजिकच्या कथेच्या मुळाशी अवकाशातून आलेले पूर्वज होतेच, तेव्हा कर्त्यांच्या दृष्टीने ते गाव अगदी रक्ताचं होतं. पण बातमी फुटली आणि खेळणारे खवळले. परीकथेच्या रानात यंत्र नको, म्हणाले. विरोध इतका वाढला की फोर्ज रद्द झालं आणि त्याच्या जागी महाभूतांचं गाव घाईघाईने बसवलं गेलं. पुढे २०२३ सरता सरता, कंपनी जाऊन वीस वर्षं झाल्यावर, हॉर्न ऑफ द अबिसच्या मंडळींनी आपलं दुसरं गाव खुलं केलं. त्याचं नाव फॅक्टरी. तिथे मेकॅनिक आहेत, पडता पडता स्फोट होणारे यंत्रमानव आहेत, बंदूकधारी आहेत, आणि एक अजस्र लोखंडी धूड आहे. यंत्रं परत आली, पण या वेळी ती त्या जगात इतकी वर्षं राहिलेल्या माणसांच्या हातून आली. वाळवंटाच्या मातीचा रंग चढलेली, आठवड्याच्या पहिल्या दिवशीच मिळणारी, सोनं मोजून घ्यावी लागणारी. जुने खेळाडू भराभर तिकडे वळले आणि पहिल्याच रात्रीपासून वाद घालू लागले, की पहिल्या आठवड्यात आधी काय बांधावं.