एक जानेवारीची मानवंदना आणि दोन जानेवारीचा सैनिक



दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री माण, हिंजवडी, वाकड, पिंपरी, चाकण या साऱ्या पट्ट्यातून निळे झेंडे लावलेल्या गाड्या नगर रस्त्याकडे निघतात. कोणी कंपनीतली दुसरी पाळी संपवून तसाच बसमध्ये चढतो, कोणी झोपलेल्या लेकराला शालीत गुंडाळून खांद्यावर घेतो. २०१८ च्या १ जानेवारीला अभिवादनाला आलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला, तरी पुढच्या वर्षी लोक घरी बसले नाहीत. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापुढे नतमस्तक होऊन परतणाऱ्या माणसाचा कणा ताठ झालेला असतो, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यामुळे या दिवसाचे महत्त्व मला कोणी सांगण्याची गरज नाही आणि मीही ते तुम्हाला सांगत बसणार नाही.

मला बोलायचे आहे ते दोन जानेवारीबद्दल.

आधी इतिहासाकडे बघू, कारण आपण बऱ्याचदा तो अर्धाच सांगतो. १ जानेवारी १८१८ रोजी शिरूरहून रात्रभर चालून आलेली बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीची तुकडी कोरेगावात दिवसभर लढली. २६ मार्च १८२१ रोजी स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर कामी आलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यातली २२ नावे शेवटी ‘नाक’ असलेली, म्हणजे आपल्या पूर्वजांची आहेत. भागनाक हरनाक, गणनाक बाळनाक. ज्या माणसाची सावली गावाला चालत नव्हती, त्याचे आणि त्याच्या बापाचेही नाव दगडात कोरले गेले. त्याच यादीत मराठा आहेत, मुस्लिमही आहेत. मरणाच्या यादीत तरी जात आडवी आली नाही.

इथपर्यंतचा इतिहास आपल्या प्रत्येक भाषणात असतो. पुढचा फारसा नसतो.

ज्या सरकारने हा स्तंभ उभारला, त्याच सरकारने ७१ वर्षांनी, १८९२ च्या सुमारास, महारांसाठी सैन्याचे दरवाजे बंद केले. ‘लढाऊ जाती’ नावाचा सिद्धांत पुढे आला आणि ज्यांची नावे स्तंभावर होती त्यांच्याच नातवंडांना सांगण्यात आले की तुम्ही लढाऊ नाही. स्तंभ जागच्या जागी होता. त्यावरची अक्षरे पुसली गेली नव्हती. पण त्या अक्षरांचा नातवंडांना काडीचा उपयोग झाला नाही. समाजशास्त्र शिकताना मी ‘स्मृती’ या विषयावर बरेच वाचले. मात्र स्मारक आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १८२१ आणि १८९२ ही दोन वर्षे शेजारी ठेवल्यावर जितके स्पष्ट कळते तितके पुस्तकातून कळत नाही.

मग पुढे काय झाले? स्तंभ बोलला नाही. बोलले ते पेन्शनर सैनिक. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध अर्ज लिहिला. महारांनी केलेल्या लष्करी सेवेचा दाखला देत त्यांनी हक्क मागितला. पुढे पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी हे काम हाती घेतले. १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा झाली आणि सरकारकडे अर्ज गेला. १९१० मध्ये पुन्हा, या वेळी थेट इंग्लंडमधल्या भारतमंत्र्यांकडे. पहिले महायुद्ध पेटले आणि माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, १९२१ मध्ये पलटणही मोडली.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी आले ते या पार्श्वभूमीवर. त्यानंतर अडीच-तीन महिन्यांत महाडचे चवदार तळे आले. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी ब्रिटिशांना तोंडावर विचारले की तुम्ही येण्याआधी आम्हाला सैन्यात जागा नव्हती, आज तरी ती वाट आम्हाला मोकळी आहे काय? अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर याच रेजिमेंटमधून आलेले के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी लष्करप्रमुख झाले. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत कामी आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आज या रेजिमेंटमध्ये देशभरातल्या सगळ्या समाजांचे जवान आहेत.

यातून मी काढलेला अर्थ असा. आपल्या पूर्वजांनी शहिदांच्या आठवणीचा उपयोग जिवंत माणसांच्या हक्कासाठी केला. त्यांची मानवंदना अर्जात उतरली, सभेत उतरली, संघटनेत उतरली. आणि या कामात पुढे होता तो निवृत्त सैनिक. खुद्द बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीतला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. छावणीतल्या शिक्षणाने एक पिढी घडवली आणि त्या पिढीच्या घरातून आपली चळवळ निघाली. निवृत्त सैनिक हा आपल्या चळवळीचा पाहुणा नाही, तो तिचा मूळ घरमालक आहे.

आज तो कुठे आहे? मी माणमध्ये काम करते म्हणून इथले सांगते. माणची शेती आयटी पार्कसाठी गेली, फेज तीनच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आता मेट्रोचा डेपोही इथेच आला. या इमारतींच्या गेटवर निळ्या नाहीतर राखाडी गणवेशात उभ्या असलेल्या माणसाकडे नीट बघा. त्यातले काही पंधरा-सतरा वर्षे सीमेवर काढून आलेले आहेत. जवान चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो. मुले शाळेत असतात, घराचा हप्ता चालू असतो, अर्ध्या पगाराची पेन्शन पुरत नाही. मग तो एजन्सीकडे जातो आणि बारा तासांच्या पाळीला उभा राहतो. आपल्यातलाच एखादा इंजिनिअर पोरगा, ज्याच्या बाइकवर ‘जय भीम’ लिहिलेले असते, त्याच्यासमोर ओळखपत्र नाचवून आत जातो. दोघे एक जानेवारीला एकाच स्तंभापुढे उभे असतात. दोन जानेवारीला एकमेकांना ओळखत नाहीत.

आमच्या विहारात येणाऱ्या एका आजींचे सांगते. त्यांचे पती महार रेजिमेंटमधून निवृत्त झाले आणि नंतर वारले. कुटुंब पेन्शन सुरू होती, ती एकाएकी थांबली. कारण काय, तर पलटणीच्या कागदांत आजींचे माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे. बँकेच्या शाखेत गेले की सांगत पुण्याला जा, पुण्यात सांगत ऑनलाइन करा. सात महिने एक म्हातारी बाई माणहून बस बदलत हेलपाटे घालत होती. आम्ही प्रतिज्ञापत्र केले, वर्तमानपत्रात नावाची जाहिरात दिली, ‘स्पर्श’ प्रणालीवर कागद चढवले, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र घेतले. पेन्शन थकबाकीसह सुरू झाली. त्या धावपळीत एकदा बसस्टॉपवर आजी म्हणाल्या, “पोरी, एक तारखेला इथनं दोन ट्रॅव्हल्स भरून जात्यात कोरेगावला. माझ्यासंगं बँकेत यायला मात्र कुणी घावत न्हाई.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भाव कळल्यासारखे त्या सांगत होत्या. मला मात्र ते वाक्य आपल्या साऱ्या चळवळीला विचारलेला प्रश्न वाटले. स्तंभावरच्या नावात काना-मात्रेचा फरक असला तरी आपण त्यापुढे हात जोडतो. कागदावरच्या नावात फरक पडला की जिवंत माणसाचे जेवण थांबते. यातल्या कोणत्या नावाला आपली जास्त गरज आहे?

काही तरुण म्हणतील, “ताई, माजी सैनिकांना सगळे मिळते. पेन्शन, कॅन्टीन, दवाखाना.” पूर्ण सेवा झालेल्याला मिळते, हे खरे. पण मिळते म्हणजे आपोआप घरी येते असे नाही. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. माजी सैनिक आणि सैनिक विधवांना घरपट्टीतून सूट देण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला. खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे, मंडळ आहे. आपल्या वस्तीतल्या किती घरांत हे पोहोचले आहे? ज्याचा मुलगा शिकलेला आहे तो मिळवतो. ज्याची विधवा निरक्षर आहे ती राहून जाते. हक्क कागदावर असणे आणि हातात पडणे यातले अंतर आपल्या समाजाला नवीन नाही.

आणि उद्याचा सैनिक? जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत तरुणांना कायम करणार, बाकीचे घरी. त्यांना पेन्शन नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक तरुण अग्निवीर सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. विम्याची आणि सानुग्रह मदतीची रक्कम अशा कुटुंबाला मिळते, पण नियमित सैनिकाच्या घरच्यांना आयुष्यभर मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. बर्फ दोघांसाठी सारखाच थंड असतो. मग मागे राहिलेल्या आईबापांत फरक का? १९२१ मध्ये गरज संपल्यावर पलटण मोडणाऱ्या सरकारबद्दल आपण चिडून बोलतो, तर ‘वापरा आणि सोडा’ हे तत्त्व आज कोणाच्याही काळात दिसले तरी तेवढ्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. तोफांची सलामी घरच्या चुलीची जागा घेऊ शकत नाही.

एक शंका मला धम्मवर्गात नेहमी विचारली जाते: आपण बौद्ध, मग सैनिकाचा गौरव कसा करायचा? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचा तंटा झाला, तेव्हा सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यासाठी गृहत्याग पत्करला. त्याच ग्रंथात बाबासाहेब मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. आपण युद्धाची हौस वाढवायची नाही. ज्याने ती गरज आपल्या वतीने अंगावर घेतली त्याला एकटे सोडायचे नाही. आपल्याच पट्ट्यातले देहूरोड बघा. लष्करी डेपोंभोवती वाढलेल्या या गावात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दारूगोळ्याच्या शेजारी शांतीचा शास्ता. हा विरोधाभास त्यांना दिसला नसेल असे मला वाटत नाही. जिथे सैनिक आणि कामगार राहतात तिथेच धम्माची गरज आहे, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून भीमसैनिकांनो, माझे म्हणणे अगदी साधे आहे. कोरेगावला जा, भरभरून जा. पण परतल्यावर विहारात एक वही उघडा. वस्तीतला प्रत्येक माजी सैनिक, प्रत्येक वीरनारी, प्रत्येक सैनिक विधवा यांचे नाव त्यात लिहा. त्यांचे डिस्चार्ज बुक, आधार आणि बँक पासबुक यांतली नावे जुळतात का, ते तपासा. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी दोन तरुणांची पाळी लावा. घरपट्टीच्या सवलतीचा विषय ग्रामसभेत मांडा. गेटवरच्या सुभेदाराला भविष्य निर्वाह निधीची पावती मिळते का, ते विचारा. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये व्हीलचेअरवर आयुष्य काढणारे सैनिक आहेत. परवानगी काढून मुलांना एकदा तिथे घेऊन जा. आणि पुढच्या भीमजयंतीला पुढाऱ्याच्या आधी त्या गेटवरच्या माणसाला माईक द्या. त्याने कारगिल, काश्मीर, आसाम पाहिले आहे. त्याने पलटणीत जात पाहिली की नाही, हेही त्याच्याच तोंडून ऐका आणि लिहून ठेवा. वलंगकरांनी अर्ज लिहिला म्हणून आपल्याला त्यांचे नाव माहीत आहे. ज्यांनी लिहिले नाही अशा हजारोंची नावे गेली.

या कामाला ना परवानगी लागते, ना देणगी. प्रत्येक विहारात एक वही, एक पेन आणि महिन्यातला एक रविवार पुरे. आमच्या वहीत आजवर सतरा नावे झाली आहेत. त्यातल्या चौघींचे कागद अजून अडलेले आहेत. येत्या रविवारी सकाळी दहाला वंदना झाली की आम्ही त्या कामाला बसतो. ज्याला अर्ज लिहिता येतो, ज्याच्याकडे लॅपटॉप आहे, ज्याच्याकडे फक्त दुचाकी आहे, त्या सगळ्यांनी यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!