लुंगीची पिशवी

पोलादपूरहून महाडला बाजाराला निघालो की अम्मी दारातच विचारायची, ‘‘पिशवी घेतलीस का?’’ कॉलेजात असताना मला या प्रश्नाची चीड यायची. कारण पिशवी असायची अब्बांच्या जुन्या लुंगीची, निळ्या चौकड्यांची. मित्रांसमोर ती हातात धरायला लाज वाटे. मी ती खिशात कोंबायचो आणि दुकानदाराकडून प्लॅस्टिकची पिशवी मागून घ्यायचो. अम्मी काही बोलत नसे. तीच पिशवी धुऊन दोरीवर वाळत घाली.

अम्मीचे पिशवीशास्त्र साधे होते. लुंगीचा विरलेला भाग कापून टाकायचा, काठाकडचे कापड दुहेरी घ्यायचे. तळाला शिवण नको, घडीच ठेवायची. म्हणजे वजन दोऱ्यावर येत नाही. बंद चार बोटे आत घेऊन चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली. ‘‘पिशवी फाटते ती बंदापाशी,’’ ती म्हणे. मासळीची पिशवी मात्र वेगळी.

जुलै २००५ च्या पुरानंतर सावित्रीकाठच्या झाडाझुडपांवर प्लॅस्टिकच्या चिंध्या लोंबत होत्या. त्यांत माझ्याही पिशव्या असतील, हे तेव्हा प्रथम मनात आले. पुढे २००६ साली राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली, २०१८ साली त्याहून कडक बंदी. कायदे आले, पण बाजारात टोपलीखालून पातळ पिशवी निघतच राहिली. मागणारे आम्हीच होतो.

अब्बा २०१९ साली गेले. त्यांचे कपडे आम्ही गरजूंना वाटले. एक लुंगी अम्मीने ठेवून घेतली. कशाला, ते कोणी विचारले नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाडला माझ्या बहिणीच्या घरात पाणी शिरले. अम्मीने तिला दिलेले पायमशीन चिखलाखाली गेले. त्या आठवड्यात पाणी, बिस्किटे, मेणबत्त्या, सारी मदत प्लॅस्टिकमधूनच आली आणि तिनेच आम्हाला तारले, हेही खरे सांगितले पाहिजे. चिखल उपसल्यावर अम्मीने मशीन रॉकेलने पुसले, तेल घातले, नवा पट्टा चढवला. चाक फिरले तशी तिने ती राखलेली लुंगी काढली आणि पिशवी शिवून माझ्या हाती दिली.

आता मी ती उघड हातात धरून बाजारात जातो. मागच्या महिन्यात तिचा एक बंद सुटला. अम्मीला सुईत दोरा दिसत नाही. ती शेजारी बसली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मशीनवर बसलो. चौकोन वाकडा आला, फुली त्याहून वाकडी. अम्मीने बंद ओढून पाहिला.

‘‘पाच किलो तांदूळ पेलेल,’’ ती म्हणाली. ‘‘कांदे वेगळे आण.’’