पंखांची भाऊबंदकी

देव मेलेला नाही, निघून गेलाय. ‘डोमिनियन’ ही मालिका इथून सुरू होते. बाप घर सोडून गेला, का आणि कुठे ते कुणाला सांगितलं नाही, आणि मागे राहिलेल्यांपैकी एका मुलाने ठरवून टाकलं की हे सगळं त्या लाडावलेल्या धाकट्यांमुळे झालं. धाकटी म्हणजे आपण, माणसं. मग गॅब्रिएल नावाचा महादूत आपलं सैन्य घेऊन पृथ्वीवर उतरतो आणि माणसांचा निकाल लावायला घेतो. त्याचा सख्खा भाऊ मायकेल माणसांच्या बाजूने उभा राहतो. पंचवीस वर्षं सरतात, शहरंच्या शहरं ओस पडतात, आणि पडदा उघडतो तेव्हा उरलीसुरली माणसं भिंती घातलेल्या काही शहरांत जीव मुठीत धरून राहत असतात.

अमेरिकेत ही मालिका जून २०१४ मध्ये आली. म्हणजे मी चांगलीच उशिरा पोचले. त्याआधी २०१० साली ‘लीजन’ नावाचा चित्रपट आला होता, त्यात या युद्धाची सुरुवात मोहावी वाळवंटातल्या एका आडरस्त्यावरच्या खाणावळीत होते. मुलीचा आग्रह होता की चित्रपट सोड, थेट मालिका बघ. सध्या पहिलं पर्व चालू आहे, त्यामुळे हे सगळं मत पहिल्या भेटीचंच आहे.

पहिल्या भेटीत खटकलं ते आधी सांगते. संवाद ठोकळेबाज आहेत. प्रत्येक जण दर दोन मिनिटांनी मानवजातीच्या भवितव्याबद्दल बोलतो; भूक लागली, झोप येतेय असं कुणी म्हणत नाही. सेनापतीची मुलगी आणि तळातला एक सैनिक यांचं प्रेम आहे, ते आपल्याकडच्या रात्री आठच्या मालिकेत सहज खपून गेलं असतं. त्या सैनिकाच्या अंगावर दैवी अक्षरं उमटतात आणि तोच जगाचा तारणहार निघतो. तारणहार नेहमी असा देखणा आणि अविवाहितच का सापडतो, कोण जाणे.

पण पंख! आपल्या डोक्यातला देवदूत नाताळच्या भेटकार्डावरचा: गोबरे गाल, पांढरे पंख, हातात तुतारी. इथे पंख काळे आहेत. ते उघडतात तेव्हा पात्यासारखे सपकन उघडतात, आणि अंगावर आलेल्या गोळ्या त्यांच्यावर आपटून खाली पडतात. गॅब्रिएल आणि मायकेल हवेत भिडतात तेव्हा दोघांनाही एकमेकांचा पुढचा वार आधीच ठाऊक असतो, कारण दोघं एकाच अंगणात वाढलेले. मारताना हात क्षणभर अडखळतो, आणि नंतर दुप्पट जोराने पडतो. त्या अडखळण्यासाठी मी सगळे ठोकळे संवाद माफ केले.

मराठी माणसाला हे भांडण समजायला वेळ लागत नाही. बाप मृत्युपत्र न करता गेलेला, वारसनोंद झालेली नाही, आणि थोरल्याला वाटतं की बापाची खरी सेवा आपणच केली, माया मात्र भलत्यालाच मिळाली. पृथ्वी कोणाच्या नावावर आहे, एवढाच काय तो वाद. ही निव्वळ भाऊबंदकी आहे. फक्त कोर्टात तारखा पडत नाहीत, सरळ आकाशातून उडी पडते.

खालच्या पायरीच्या देवदूतांना स्वतःचं शरीर नाही. ते माणसांच्या अंगात शिरतात. डोळे काळेभोर होतात, दात टोकदार होतात, मान विचित्र वळते. मालिकेत त्यांना ‘एट बॉल’ म्हणतात आणि दिसताक्षणी गोळी घालतात. हे बघताना कोकणातल्या माणसाची जरा पंचाईत होते. आपल्याकडे कुणाच्या अंगात आलं तर त्याच्यापुढे नारळ ठेवतात, मुलाचं लग्न कधी जमेल म्हणून विचारतात. मालिकेतल्या लोकांनी एकदा तरी विचारून बघायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट मला पचली नाही. देव नाहीसा झाला म्हणून एवढा आकांत का? आपला देव दरवर्षी नियमाने चार महिने झोपतो. आषाढी एकादशीला निजतो, कार्तिकीला उठतो, आणि त्याच्या उठण्याची तारीख घराघरातल्या कॅलेंडरवर आधीच छापलेली असते. तेवढ्या काळात लग्नं थांबतात, काही जण कांदा-लसूण सोडतात, पण त्याच्या गैरहजेरीचा ठपका ठेवून कुणी कुणावर सैन्य पाठवत नाही. उलट बहुतेक सणवार त्याच चार महिन्यांत येतात. एकच देव, एकच बाप, आणि तो उठून गेला की पाठीमागे काहीच उरत नाही, ही भीती वेगळ्या घरातली आहे.

अर्थात ते घर मराठीला अगदीच परकं नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ मध्ये राचोलहून त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. जवळपास अकरा हजार ओव्या. देवदूतांची निर्मिती आणि लुसिफरचं पतन त्यात ओवीबद्ध येतं. मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ इंग्रजीत आलं १६६७ साली. म्हणजे स्वर्गातली बंडाळी मराठी श्रोत्याने पोथीच्या चालीवर ऐकली, त्यानंतर पन्नासएक वर्षांनी इंग्रज वाचकाच्या हाती ते महाकाव्य पडलं. आपल्या शाळेत हे कुणी ठासून सांगत नाही. आणि नवी मुंबईच्या अगदी कुशीत, पनवेलला, बेने इस्रायली ज्यूंचं १८४९ सालचं बेथ एल सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणाने ‘शनिवार तेली’ म्हटलं, त्यांचं. एलियाहू प्रेषित अग्निरथातून स्वर्गात गेला तेव्हा त्याचा रथ वाटेत अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकला, तिथल्या कातळावर चाकांच्या आणि टापांच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा. नवस फेडायला ते तिथे जातात, गोड पोह्यांचा मलिदा करतात, ताटात फळं मांडतात, मराठीत गाणी म्हणतात. आकाशातून आलेल्याशी वागायची ही तऱ्हा मला जास्त समजते: आधी बसायला द्यावं, मग पोहे.

मालिकेतल्या शहराचं नाव वेगा. म्हणजे पूर्वीचं लास वेगास. जुगाराचे अड्डे, झगमगते मनोरे, आणि आता भोवती भिंत. आतल्या प्रत्येकाला एक क्रमांक आहे. व्ही-वन म्हणजे तळाचे: अन्न कमी, काम जास्त, घर कुठल्यातरी बोळात. क्रमांक चढत जातो तसा प्रकाश वाढत जातो, आणि सगळ्यात वर राईसन आणि व्हील यांच्यासारखी घराणी. जग बुडालं, पण जात पोहून वर आली. लेखकांना हे मुद्दाम सुचलं की नकळत, माहीत नाही. मला मालिकेतलं सगळ्यात खरं वाटलं ते हेच.

कारण मीही आखलेल्या शहरात राहते, नवी मुंबईत. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ त्रैमासिकातून मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. ते वसवायला १७ मार्च १९७० रोजी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं, जवळपास ३४४ चौरस किलोमीटर. भाताची खाचरं, मिठागरं, खाडीतली मासेमारी, खारफुटी. त्यावर सेक्टर आले, सेक्टरांना क्रमांक आले. नकाशा सुंदर होता, हे मी मनापासून म्हणते. इथल्यासारखे रुंद रस्ते मुंबईत मिळायचे नाहीत. पण प्रत्येक सेक्टरच्या पाठीशी एक गावठाण आहे. तिथे रस्ता अचानक अरुंद होतो, घरं खेटून उभी राहतात, ओट्यावर जाळी सुकत असतात. रिक्षावाला ‘गावात जायचंय का?’ असं विचारतो, जणू शहराबाहेरच निघालोय. ती मंडळी इथली मूळची. आम्ही सोडतीत नंबर लागून आलेले. तरी ‘प्रकल्पग्रस्त’ हा शिक्का त्यांच्याच कागदावर.

जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात, जासई-नवघरच्या बाजूला, जमिनीच्या रास्त भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. १६ आणि १७ तारखेला मिळून पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. नवी मुंबई विमानतळाच्या वेळी जमिनी पुन्हा गेल्या, आणि या वेळी गावंही. सुमारे ११६० हेक्टर जागा. उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडली, उलवे नदीचं पात्र वळवलं. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली, वरचं ओवळं… दहा गावं उठली. आमच्या बाजारात चिंबोऱ्या घेऊन बसणारी मावशी त्यातल्याच एका गावची. भरपाई मिळाली, भूखंड मिळाला, मजल्यांचं घर झालं. ती काही रडगाणं गात नाही. एकदा चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधताना सहज सांगत होती की देऊळ नव्या जागी नेलं, मूर्तीही नेली, पण जी ओलांडून नवरी यायची ती वेस काही उचलून नेता आली नाही. बोलताना हात थांबला नाही. सुतळीचा वेढा, गाठ, पुढची चिंबोरी.

टीव्हीवरच्या प्रलयात इमारती कोसळतात, धूर निघतो, व्हायोलिन वाजतात. इथे राजपत्रात अधिसूचना आली आणि मोजणीचे खुंटे आले. ज्यांचं जग संपलं त्यांना तारीख नीट सांगता येते. उरलेल्यांच्या लेखी त्या दिवशी काहीच झालेलं नसतं.

८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिली प्रवासी विमानं उडाली. आता गच्चीवर उभं राहिलं की आकाशात दोन प्रकारचे पंख दिसतात. विमानांचे, आणि थंडी पडल्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत, रोहित पक्ष्यांचे. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांत ते भरतीच्या वेळी येऊन उभे राहतात. ओहोटी लागली की ठाणे खाडीच्या चिखलावर जातात. ती खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. उभे असताना ते फिकट, थोडे बावळटच दिसतात, मान पाण्यात उलटी घालून. उडाले की पंखांखालचा लाल-काळा रंग एकदम पेट घेतो, आणि मग त्यांना अग्निपंख का म्हणतात ते कुणाला विचारावं लागत नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर दुबईहून येणारं विमान त्यांच्या थव्यात शिरलं. विमान सुखरूप उतरलं. सकाळपर्यंत लक्ष्मीनगरच्या आसपास जवळजवळ चाळीस रोहित मेलेले सापडले. तुटलेले पंख रस्त्यावर, झाडाझुडपांत पडले होते. या लढाईत कुणाचं कुणाशी वैर नव्हतं. गॅब्रिएलला निदान राग तरी आहे.

दुसरं पर्व तेरा भागांचं आहे आणि गोष्ट अधांतरी सुटते, हे मुलीने आधीच सांगून टाकलंय. २०१५ च्या ऑक्टोबरात वाहिनीने मालिका गुंडाळली. देव कुठे गेला ते कळणार नाही, याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मला विचारायचंय ते वेगळंच. लास वेगास उभं राहिलं ती जमीन दक्षिणी पायूट लोकांची होती. १९०५ मध्ये रेल्वे कंपनीने तिथल्या भूखंडांचा लिलाव केला आणि शहर वसलं. मालिकेतली एवढी मोठी भिंत बांधताना, एवढी खोदाई करताना, त्या आधीच्या लोकांची कुणाला आठवण झाली असेल का? असा भाग कुणी लिहिलेला असेल असं वाटत नाही. तरी उद्या जेवणं झाली की मी पुढचा भाग लावणारच आहे. दोन भाऊ पुन्हा समोरासमोर यायचेत, आणि सख्ख्या भावांचं भांडण रंगात आलेलं असताना उठून जाणं आमच्या घराण्यात आजवर कुणाला जमलेलं नाही.