दोन रिमोट, सात भावंडं

रत्नागिरी स्टेशनवर उतरलात की रिक्षा पकडा. मारुती मंदिर, माळनाका, जयस्तंभ करत खाली आलात की राम आळी आणि पुढे मांडवीची जेट्टी. संध्याकाळी इथे समोर झक्कास सूर्यास्त चाललेला असतो आणि कठड्यावरच्या पोरांच्या माना मात्र खाली! ‘अरे, डावीकडून येतोय, कव्हर दे ना!’ चौघं बसलेत मांडवीला, लढतायत भलत्याच बेटावर. गेम पार्लर म्हणतात ते हेच.

तसा व्हिडिओ गेम कोकणाला नवा नाही. नव्वदच्या दशकात गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेतून कॅसेटवाला गेम यायचा. निन्टेंडोच्या १९८३च्या फॅमिकॉमची ही स्वस्तातली नक्कल. टीव्हीला वायर जोडायची, कॅसेटमध्ये फुंकर मारायची की ‘मारिओ’ नाहीतर ‘काँट्रा’ सुरू. रिमोट दोन, भावंडं सात. जो मेला तो उठला, हा नियम! बाहेर धो धो पाऊस, आत आरडाओरडा आणि मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्या लेव्हलपासून. डब्यापेक्षा मजा होती ती त्याच्याभोवतीच्या गर्दीची.

मग ही गर्दी पांगली. बारावी झाली की इथली पोरं पुणे-मुंबई गाठतात. अशात सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, २०१८मध्ये ‘पब्जी मोबाइल’. एक जण कोथरूडला, एक ठाण्याला, दोघं नाचण्यात आणि तरी टीम एकच! गेम फुकट, फोन तर होताच. सप्टेंबर २०२०मध्ये पब्जीवर बंदी आली, जुलै २०२१मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ होऊन परतला, जुलै २०२२मध्ये पुन्हा गायब आणि मे २०२३मध्ये पुन्हा हजर. आवड बदलली होती ती अशी. पोरांना नुसता गेम नको होता, लांब गेलेले दोस्त हवे होते.

आता सांगा, अशा वेळी कन्सोल कोण घेणार? प्लेस्टेशन फाइव्ह भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला तोच ४९,९९० रुपयांना. वर गेमचे पैसे वेगळे. त्यात कोकणातली खारी हवा आणि पावसाळ्यातली लाइट, म्हणजे यूपीएसचाही खर्च धरा. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘एवढ्यात फ्रीज नाही का येणार?’

तरीही पहिल्या बोनसमध्ये तुमचं मन कन्सोलवर आलंच असेल, तर आधी स्वतःची आवड तपासा. टीमबिम करून लढायचंय? मग फोन पुरे. ‘गॉड ऑफ वॉर’सारखी लांबलचक गोष्ट एकट्याने, मोठ्या स्क्रीनवर जगायचीय? मग कन्सोल बिनधास्त घ्या, पण तो तुमच्या फ्लॅटमध्येच राहणार हे मान्य करा.

तिसरी आवड मात्र थेट त्या जुन्या गर्दीशी नातं सांगणारी. २०२१चा ‘इट टेक्स टू’ एकट्याने खेळताच येत नाही, दुसरा माणूस लागतोच. फिफाचं २०२३मध्ये ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झालं, पण शेजारी बसलेल्या भावाला गोल मारण्याची मजा तीच. हे दोन्ही गेम २०१३च्या प्लेस्टेशन फोरवरही चालतात. म्हणजे नव्या कोऱ्या मॉडेलचा हट्ट सोडा. चांगल्या कंडिशनमधला सेकंडहँड फोर बघा आणि वाचलेल्या पैशात दुसरा रिमोट घ्या.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो दुसरा रिमोट कदाचित ड्रॉवरमध्येच पडून राहील. गणपतीला मात्र त्याच्यासाठी मारामारी होईल. तेव्हा कपड्यांत नीट गुंडाळून डबा बॅगेत टाका. आणि हो, घरच्या टीव्हीला एचडीएमआय आहे ना, तेवढं आधी फोन करून विचारून घ्या!